घट्ट झाकणाचा डबा

रिकाम्या डब्याला किंमत असते, हे मला चौदाव्या वर्षी कळलं. वडील गिरणीत होते, ते गेले, आणि घाटकोपरला मिठागरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर रिकाम्या डब्यांची एक वखार होती तिथे मी कामाला लागलो. तेलाचे, तुपाचे, रॉकेलचे, बिस्किटांचे डबे तिथे ढिगानं येत. मालकानं मला डबे धुवायला ठेवलं होतं, पण दोन महिन्यांत मी ते निवडायला लागलो. डबा उचलायचा, बुडाला टिचकी मारायची, कानानं गंज ओळखायचा. मग झाकण दाबून बघायचं. झाकण घट्ट बसलं तर तो डबा. नाही बसलं तर नुसता पत्रा.

घासाघीस मला उपजतच येत होती. आमच्या चाळीतल्या बायका बाजारात जाताना मला सोबत न्यायच्या. भाजीवाला मला बघूनच म्हणायचा, "आला का वकील!" मी भाव पाडायचो तो आवाज चढवून नाही, तर पाठ फिरवून. पाठ फिरवून चार पावलं चालता आलं पाहिजे, मग समोरचा हाक मारतोच. माझ्या सगळ्या आयुष्याचं भांडवल एवढंच. पण डोकं माझं तापट. एकदा मालकानं माझ्या आईवरून शिवी दिली आणि मी त्याच्या कानफटात दिली. दुसऱ्या दिवशी घाटकोपरात मला कोणी कामावर ठेवीना. पन्नास साल उलटून गेलं होतं, मला एकोणिसावं लागलं होतं, भरती चालू होती. गेलो.

अडीच-तीन वर्षं इकडेतिकडे काढल्यावर आमची तुकडी काश्मीरच्या वरच्या अंगाला एका चौकीवर गेली. तिथून खालचं गाव खेचराच्या वाटेनं दोन दिवसांवर. चौकी म्हणजे दगडमातीच्या, लाकडी छपराच्या पाचसहा खोल्या, अर्ध्या जमिनीत पुरलेल्या. खोल्यांना दार नाही, गोणपाटाचा पडदा. आम्ही वीस-बावीस माणसं. एका बाजूला देवदार, दुसऱ्या बाजूला अक्रोडाचं रान, आणि त्या रानात अस्वलं.

मुंबईच्या माणसाला अस्वल म्हणजे दरवेश्याचं. आमच्या चाळीपुढे दरवेशी यायचा, नाकात दोरी ओवलेलं मरगळलेलं जनावर दोन पायांवर उभं राहायचं, बायका पोरांना त्याच्या पाठीवर बसवायच्या, म्हणजे पोरं दचकत नाहीत. इथलं अस्वल वेगळं. काळंभोर, छातीवर पांढरी कोर, आणि ते माणसाच्या तोंडावरच जातं. आमच्याकडे एक मेंढपाळ यायचा, त्याच्या भावाला अर्धा चेहरा नव्हता. थंडी पडायच्या आधी दीड-दोन महिने ही जनावरं वेड्यासारखी खातात आणि वासावर कोसभर चालत येतात. म्हणून चौकीचा कडक नियम होता: खाण्याची वस्तू झोपायच्या जागी ठेवायची नाही. सगळं साठ्याच्या खोलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात. चौकीभोवती तार ताणलेली, तिच्यावर फुटके डबे टांगलेले, प्रत्येकात दोन-दोन खडे. काही घुसलं की डबे वाजायचे. त्या मुलखात ओळखीचा असा मला तो एकच आवाज होता.

साठ्याची किल्ली हवालदाराकडे. हा साताऱ्याकडचा, वयानं चाळिशीचा, गळ्यात तुळशीची माळ. पलटणीत मांसमच्छी न खाणारा तो एकटाच असेल. आमच्या चौकीवर बहुतेक सगळे घाटावरचे. कोकणातले दोघंच, मी आणि आणखी एक. त्याचं गाव देवगडकडे, पण आई मुलुंडला एका खोलीत राहायची. तेव्हा हवालदारानं आम्हा दोघांची नावंच टाकून दिली होती. मला "ए घाटकोपर!" आणि त्याला "ए मुलुंड!" दोघं एकदम हवे असले तर म्हणायचा, "कुठं गेली रं ती दोन ठेसनं?"

मुलुंड माझ्या उलट. त्याला राग यायचाच नाही. मालवणी बोलायचा, हळू बोलायचा, आणि तंबाखूची चिमूट मागणाऱ्याला आख्खी पुडी देऊन टाकायचा. मी त्याच्यावर ओरडायचो, "अरे, तुला कुणीही लुबाडील!"

"लुबाडूं दे मरे. माझ्याकडे आसा काय?" असं म्हणून हसायचा.

असा माणूस आपल्या घरात असावा असं मला वाटलं. माझी धाकटी बहीण लग्नाची होती. एका बर्फाळ दुपारी शेगडीशी बसून मीच विषय काढला. आयुष्यात असा सौदा मी केला नाही, समोरून काही मागणंच नाही. मीच वैतागून म्हणालो, "काहीतरी अट घाल की!"

तो म्हणाला, "तुझ्यासारखी तापट नसली म्हणजे झाला."

पुढच्या उन्हाळ्यात दोघांना एकदम सुट्टी मिळाली आणि आमच्या चाळीच्या गॅलरीत साखरपुडा झाला. बहिणीनं त्या दिवशी गोडाधोडासोबत सुक्या बोंबलाची चटणी वाढली होती. आई ओरडली, साखरपुड्याला बोंबील वाढतात काय म्हणून. पण मुलुंडनं पुऱ्या बाजूला सारून चटणीशी भाकरी मागितली, आणि बहीण आत जाऊन हसली. त्या दोघांचं एकमेकांशी त्या दिवशी जे काही बोलणं झालं ते एवढंच.

निघायच्या आदल्या दिवशी दरवेशी आला. आई म्हणाली, अस्वलांच्या मुलखात जाताय तर अस्वलाच्याच केसांचा ताईत घाला. दरवेश्यानं एका ताईताच्या केसांची जी किंमत सांगितली तिच्या निम्म्यात मी दोन ताइतांपुरते केस घेतले. आईनं ते शिवून आम्हा दोघांच्या दंडात बांधले.

चौकीवर परतलो आणि शरद ऋतूत हवालदाराशी माझं वाजलं. आम्हाला ताजं मटण मिळावं म्हणून मी त्या मेंढपाळाकडून एक मेंढी घेतली होती. त्याला मीठ हवं होतं. खाली मीठ महाग, आमच्याकडे शिध्याचं उरलेलं. मी चार वेळा पाठ फिरवून चार पावलं चाललो आणि मूठभर मिठात मेंढी आणली. मला वाटलं, सगळे खूश होतील. हवालदारानं मला सगळ्यांसमोर उभं केलं.

"गरिबाच्या तोंडचं काढून आणलंस व्हय रं? त्येचा भाऊ तसा पडलेला, आन् तू त्येच्याशी घासाघीस करतुयास?"

"भाव त्यानं कबूल केला, हवालदार."

"कबूल क्येला न्हाई. तू करून घेतलास." मग त्यानं स्वतःच्या वाट्याचं मीठ त्या मेंढपाळाला देऊन टाकलं.

मला हे सहन झालं नाही. वीस माणसांत माझी अब्रू काढून वर हा दानशूर. मी म्हणालो, "गळ्यात माळ घातली म्हणून माणूस देव होत नाही. तुमची माळ ती माळ आणि आम्ही खाटीक काय?"

हवालदार शांतपणे म्हणाला, "माझ्याबद्दल काय बी बोल. माळंबद्दल बोललास, त्येची माफी मागशील." मी मागितली नाही. तो वर कळवू शकला असता. त्यानं कळवलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पुढे पंधरा दिवस आम्ही कामापुरतं बोलत होतो.

अशात ते पार्सल आलं.

मांजरपाटात शिवलेलं, वर माझं नाव, टाके बहिणीचे. ती शिवणकाम करायची, तिचा टाका मी कुठेही ओळखला असता. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बोंबील. चेंबूरच्या कोळणीकडून निवडून घेतलेले, डोकी-शेपट्या काढून पुन्हा तीन दिवस गॅलरीत वाळवलेले. शेजारचं गुजराती कुटुंब वासानं तीन दिवस खिडकी लावून बसलं होतं, असं तिनं चिठ्ठीत लिहिलं होतं. खाली एकच ओळ: "निम्मे तुझे नाहीत." मुलुंडनं ती ओळ किती वेळा वाचली ते मी सांगत नाही.

वास मात्र गोणपाटाच्या पडद्यातून बाहेर गेला. हवालदार दारात येऊन उभा राहिला.

"ह्ये काय आनलंया?"

"घरून आलंय. बोंबील."

"अस्वलाला पत्र धाडल्यागत हाय ह्ये. टाकून दे लांब नाल्यात."

"टाकणार नाही. साठ्यात ठेवा."

"साठ्यात समद्यांचा शिधा हाय. त्यात ही घाण ठिवायची न्हाई."

मला साठ्याची खोली डोळे मिटून पाठ होती. कोपऱ्यात तुपाचा एक रिकामा डबा होता, दहा शेरी, झाकण असं की पालथा केला तरी थेंब सांडायचा नाही. चौकीवर आल्याच्या पहिल्या दिवशीच मी त्याला टिचकी मारून पाहिली होती. मी म्हणालो, "तो रिकामा डबा द्या. त्यात घालून बाहेर झाडाला टांगतो. वास येणार नाही, तुमच्या शिध्याला लागणार नाही."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. त्याला ते पटलं होतं, मला तोंडावर दिसत होतं. समोरचा पटल्यावर कसा दिसतो हे मला बाजारानं शिकवलं होतं.

"देतो," तो म्हणाला. "त्या दिशी माळंबद्दल बोललास, त्येची माफी माग आन् डबा घिऊन जा."

मुलुंड माझ्या मागेच उभा होता. कुजबुजला, "माग मरे. दोन शब्द तोंडातले. तुझा काय जाता?"

काही जात नव्हतं. आज कबूल करतो, त्याहून स्वस्त सौदा मला उभ्या आयुष्यात कोणी देऊ केला नाही. पण मला वाटलं, हा माझी नड बघून भाव लावतोय. माझीच विद्या माझ्यावर चालवतोय. मी पाठ फिरवली. चार पावलं चाललो. हाक येईल असं वाटलं होतं. आली नाही.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "टाकून देतो नाल्यात." आणि पार्सल सदऱ्याखाली घालून एक चक्कर मारून परत आलो. माझ्या सामानाची झडती होईल हे मला माहीत होतं. मुलुंडच्या सामानाला कोण हात लावणार? त्याच्या फळीखाली एक पिशवी होती, तिच्यात मी ते कोंबलं.

"वास मारतलो रे."

"थंडीत वास बसतो. आणि तुझ्याच बायकोनं पाठवलेत, माझ्या नाही."

तो लाजला आणि त्यानं पिशवी आणखी आत सारली. त्याला एवढंच पुरलं. हे मी जाणून होतो, म्हणूनच म्हणालो.

तीन संध्याकाळी आम्ही निखाऱ्यावर एकेक बोंबील भाजून खाल्ला, पडदा घट्ट लावून, पोरांसारखे खिदळत. घाटावरच्या दोघातिघांना पत्ता लागला, त्यांनाही एकेक तुकडा देऊन गप्प केलं. एक म्हणाला, "कोकण्या, तुझी भन सुगरण हाय. आमच्याकडं का न्हाई दिलीस?" मुलुंड म्हणाला, "तुका भाकरी नीट भाजूक येत नाय, बोंबील काय गावतलो!" इतकं हसणं त्या चौकीवर मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता मी बादली घेऊन झऱ्यावर गेलो होतो. खाली असताना तारेवरचे डबे वाजले. चारपाच डबे, वरच्या अंगाचे. मी कान दिला. खेचरं सुटली की तसेच वाजायचे. मला डब्यांचं कळतं असा माझा मोठा गर्व. मी मनात म्हणालो, खेचर आहे. आणि बादली भरत राहिलो.

मग मुलुंड ओरडला. एकदाच.

चेहऱ्याचं काय झालं होतं ते मी लिहिणार नाही. मी वर पोचलो तेव्हा हवालदार जळतं लाकूड घेऊन उताराकडे धावत होता, आणि पुढे झाडीत ते काळं धूड तोंडात पिशवी धरून जात होतं. पडदा फाटून पडला होता. मुलुंड फळीवर बसलेला होता, दोन्ही हात तोंडावर, आणि त्या हातांतून मालवणीत आईला हाका मारत होता. दंडावर ताईत तसाच होता, गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

दोन दिवस आम्ही त्याला डोलीत घालून खांद्यावरून खाली नेलं. पुढचा दांडा हवालदारानं कोणाला दिला नाही.

आठवड्यानं कॅप्टन वर आले. चौकशी म्हणजे एका फळीवर बसून चार प्रश्न. अस्वल आत का शिरलं? मी तोंड उघडायच्या आधी हवालदार म्हणाला, "सायेब, सुकी मासळी व्हती. डबा माझ्याकडं रिकामा व्हता. मागितला तवा दिला न्हाई. चूक माझी."

कॅप्टन माझ्याकडे वळले. "तुला काही सांगायचं आहे?"

"नाही, साहेब."

माझं म्हणणं लोकांना पटत नाही, पण मी ते आजही सोडलेलं नाही. त्या माणसानं आधी डबा अडवला आणि मग चूकही स्वतःच्या नावावर करून टाकली. मला बोलायला जागाच ठेवली नाही. त्यामुळे त्याची बढती अडकली असं ऐकलं. सगळी चौकी त्याला मानू लागली. मी मात्र एका कोपऱ्यात उरलो. साठ्याची किल्ली त्याच्याच हातात होती की नाही? एक रिकामा डबा, कोणाच्या उपयोगाचा नव्हता. द्यायला काय हरकत होती? वर्षानुवर्षं मी हा प्रश्न रोज स्वतःला विचारला आहे आणि दर वेळी उत्तर माझ्या बाजूनं आलं आहे. मग झोप का लागत नाही, कोण जाणे.

मुलुंड सहासात महिने लष्करी इस्पितळात होता. तिथून त्याला सोडलं आणि घरी पाठवलं. पुढच्या उन्हाळ्यात मला सुट्टी मिळाली तेव्हा तो मुलुंडला आईकडे येऊन महिना झाला होता.

आमच्या घरात तोवर सगळं कळलं होतं, म्हणजे अस्वलानं धरलं एवढं. आई म्हणाली, "झिला, माझ्या चेडवाचा आयुष्य उभा आसा. तू ठरयलंस, तूच जा आणि मोड."

बहीण मशीनवर होती. पाय न थांबवता म्हणाली, "मोडायचं नाही. तारीख धरून ये."

"तू त्याला बघितलं नाहीस अजून," मी म्हणालो.

"तू रोज बघतोस ना आरशात? तुझ्याबरोबर आम्ही राहतोच ना?" तिच्या जिभेला धार होती, माझ्याच घरची. आई रडायला लागली. मी मात्र मनातून सुटलो. लग्न झालं की सगळं भरून निघेल असा माझा हिशोब होता. मी मुलुंडला निघालो तो जिंकल्यासारखा.

त्या वेळचं मुलुंड म्हणजे रुंद रस्ते, झाडं आणि शुकशुकाट. त्याच्या आईनं दार उघडलं, "इलंस? बस," म्हणाली आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली. तो दाराकडे पाठ करून सुपात तांदूळ निवडत होता. मान वळवली तेव्हा दिसलं, तोंडाभोवती पंचा गुंडाळलेला, एकच डोळा उघडा.

"मेवण्या, इलंस?" आवाज जड, ओला, पण तोच. "दरवेश्यान फसयल्यान रे तुका. केस कुत्र्याचो असतलो."

मी हसलो. हसलो आणि मग मला थांबता येईना. तो तांदूळ निवडत राहिला.

शेवटी म्हणालो, "मार्गशीर्षातली तारीख धरायला आलोय. ती तयार आहे."

"तिका ठावक आसा? अस्वल भितर कित्याक इला ता?"

"नाही."

"ती माझ्या तोंडाक बघून रोज विचारतली. मी खोटा किती दिस बोलू? आणि खरा सांगलंय, तर बोंबील तिना पाठयलेले. ती काय जगतली मगे?" तो थांबला. त्याला बोलायला त्रास व्हायचा. "तू सांग तिका. बोंबलान नाय झाला, डब्यान झाला. मागूक होयी होती ती माफी मागलंस नाय, म्हणान झाला. तुझ्या तोंडान सांग. मगे मी उद्या म्हणशीत तर उद्या उभो रवतंय."

मी काय करावं? मी घासाघीस सुरू केली.

"लग्नानंतर सांगतो."

"आधी."

"पत्रानं कळवतो. चौकीवरून."

"तोंडान."

"हवालदारानं डबा अडवला, असं सांगतो. खोटं नाही ते."

"तेचा नाव नको. तेना आपला सांगून टाकल्यान. तुझा रवला."

मी उठलो. सवयीनं पाठ फिरवली, दारापर्यंत गेलो. त्यानंही हाक मारली नाही. सूप पाखडल्याचा आवाज तेवढा येत होता.

पण मी सांगणार होतो, हे खरं आहे. परतीच्या वाटेवर मी ते वाक्य तयार केलं. घाटकोपरला उतरून घरी चालत येईपर्यंत दहा वेळा म्हणून पाहिलं. "पार्सलचा काही दोष नव्हता, मी डबा घ्यायला पाहिजे होता." एवढंच. दुपारची वेळ होती, आई खाली नळावर गेली होती. बहीण गॅलरीत मशीनवर. मी समोर बसलो.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पाय थांबवला. "दादा, एक विचारते. माझं पार्सल मिळाल्याचं तू कळवलंस, त्यानंतर आठ दिवसांत हे झालं. मी तारखा बघितल्या. बोंबील तिथंच होते का, त्यांच्या खोलीत?"

"होते."

"वासानं आलं ना ते?"

"हो." आता पुढचं वाक्य. जिभेवर होतं ते, अगदी दाताशी.

तेवढ्यात ती म्हणाली, "मग तू ते नीट ठेवायला नको होतंस? तुला तर डब्यांतलं सगळं कळतं."

ती खरं तेच म्हणाली. मी जे सांगायला आलो होतो तेच तिनं माझ्याआधी उच्चारलं. पण मला तो आवाज हवालदाराचा वाटला. वीस माणसांसमोर उभा केल्यासारखं वाटलं. डोक्यात रक्त चढलं आणि मी ओरडलो, "पाठवायला कुणी सांगितलं होतं तुला? अस्वलांच्या मुलखात बोंबील पाठवतं का कोणी? अक्कल आहे का?"

ती एकदम विझली. मशीनच्या चाकावर तिनं हात ठेवला. स्वतःशीच म्हणाली, "खरंय. मीच पाठवले."

मी तेव्हाही बोलू शकलो असतो. आई बादली घेऊन वर येत होती, जिन्यात तिची पावलं वाजत होती, आणि ती दारात पोचेपर्यंत वेळ होता. मी मोजत बसलो, मजला, जिना, पायऱ्या. आई आली.

दुसऱ्या दिवशी बहिणीनं आईला सांगितलं, "तू म्हणतेस तेच बरोबर. मोडून टाका. मी कुठल्या तोंडानं जाऊ त्यांच्यासमोर?" आईला वाटलं, पोरगी ताळ्यावर आली. साखरपुड्याचा नारळ आणि साडी आईनं दुसऱ्या कोणाच्या हाती मुलुंडला परत धाडली. तिथून काही निरोप आला नाही. मी सुट्टी संपायच्या आधीच निघालो.

चौकीवर पोचलो तेव्हा माझ्या फळीपाशी तो तुपाचा डबा ठेवलेला होता, घासूनपुसून. हवालदाराची बदली झाली होती. जाताना त्यानं तो ठेवायला सांगितला होता, माफीबिफीचा काही निरोप नव्हता. मी झाकण दाबून पाहिलं. घट्ट होतं. उचलून साठ्यात परत नेऊन ठेवला. अजून मला कळत नाही, तो देताना त्याला काय म्हणायचं होतं.

मुलुंड त्या खोलीतच राहिला. वेताच्या खुर्च्या विणायचा असं ऐकलं, चांगल्या विणायचा. मी गेलो नाही. तो वारल्याचं मला बाजारात कोणाकडून तरी कळलं, तेरावा होऊन गेल्यावर. बहिणीचं लग्न दहिसरला झालं. माणूस भला मिळाला, तिची मुलं हुशार निघाली, तिनं कधी तक्रार केली नाही. बोंबील मात्र तिच्या घरात कधी शिरले नाहीत. नवरा विचारायचा, कोकणातली असून सुकी मासळी कशी चालत नाही तुला? ती म्हणायची, वास सहन होत नाही.

मी फौजेतून सुटून आल्यावर रिकाम्या डब्यांचाच धंदा केला. ज्या वखारीत मी डबे धुवायचो ती आता माझी आहे. लोक म्हणतात, शून्यातून उभा राहिला. दर उन्हाळ्यात पापडाच्या दिवसांत बहिणीचा निरोप येतो, "दादा, घट्ट झाकणाचा एक डबा पाठव." हजारांतून मी तो निवडतो, टिचकी मारून, झाकण तीनदा दाबून. दर वर्षी वाटतं, आत एक चिठ्ठी टाकावी. वाक्य तेच आहे, गॅलरीत तयार होतं ते, एक शब्दही बदललेला नाही. कागद काढतो. मग त्या हवालदाराची आठवण येते, डोकं तापतं, मनात येतं की त्यानं डबा दिला असता तर. दुपार तशीच निघून जाते आणि हमाल दारात उभा राहतो.

मी झाकण लावून देतो. ती प्रत्येक वेळी किंमत विचारते. मी काही नाही म्हणतो. आजवर तिच्याकडे कितीतरी डबे गेले. सगळे रिकामे.